डाव्याला अंगठा असू द्या

जालना,
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८६७, सन १९४५

सोनू,

आक्काचा आशीर्वाद. थोरांना नमस्कार सांग, पोरांचे मुके घे आन् मंग हात धुवून बस, कारण या पत्रासंगं कामाचं गाठोडं येऊन राह्यलंय.

आमच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईचं तुला मागं बोलले होते. माझं धाकटं बाळंतपण तिनंच केलं. इंगेबोर्ग असं काहीतरी नाव हाय, ते आमच्या गल्लीत कुणाच्या जिभंवर बसत न्हाई, म्हणून सगळे इंगाबाई म्हणतात. कुणी औषध प्यायला कुचराई केली की इंगा दाखवती, म्हणजे नाव बराबर बसलं. ती इंग्रजीण न्हाई बरं का. नार्वे म्हणून देश हाय, पार वर, जिथं निम्मं वर्ष बर्फच. आता लढाई संपली तर तिला घरून चिठ्ठी आली, जर्मनांनी माघारी जाता जाता तिच्या मुलखातलं घरन् घर पेटवलं. आई, भाऊ, शेजारपाजार सगळे उघड्यावर पडले. बाई उन्हाळ्यात बोटीनं जाणार, आन् जाताना त्यांच्याकडच्या तऱ्हेचे मोजे गाठोडंभर घेऊन जाणार. तिनं मला शिकवले, मी तुला सांगते. मिशनच्या शाळेत विणताना तुझाच हात जल्दी चालायचा. मी आपली उसवण्यात हुशार.

काळी लोकर आपल्याच धनगराची हाय, पांढरी तिनं दिली. काठापासून धर आन् चार सुयांवर गोल विणत जा. वरच्या अंगाला आठ पाकळ्यांचं फूल, तळव्याला बारीक ठिपके, एक टाका काळा, एक पांढरा. नमुना गुंडाळून ठेवलाय. आता नीट वाच, सगळी गोम अंगठ्यात हाय. अंगठा आधी करायचा न्हाई. त्याची जागा आली की तेवढे टाके लाल दोऱ्यानं विणायचे. मंग तेच टाके माघारी सुईवर घेऊन परत काळ्यापांढऱ्यानं विणायचे आन् वर जायचं, जसं काही झालंच न्हाई. सगळ्यात शेवटी तो लाल दोरा ओढून काढायचा, तिथं तोंड उघडतं, त्यात अंगठा बसवायचा. ते मी संक्रांतीला येऊन शिकवते. तवर लाल दोऱ्याला हात लावू नको, उसवायचं खातं माझं.

तुझ्या नणंदेच्या सोयरिकीचं कुठवर आलं ते कळव.

तुझी,
दुर्गाआक्का


तीर्थपुरी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आक्का,

पाया पडते. पुढचा मायना मास्तरनं शिकवला होता, तो मी इसरले, तू समजून घे.

हसणार नसशील तर सांगते. तू लिवलं मोजे, तू लिवलं तळवा, तू लिवलं अंगठा. मी म्हणलं पायाचेच. एक पुरा केला आन् पायात घातला, तर टाच कुठंच बसंना. म्हणलं नार्वेच्या लोकांना टाच नसती का काय. मालक बघत होते, ते म्हणले, बर्फात घसरत जात आसतील, टाच कशाला लागती. शेवटी माझ्या नणंदेनं, पुष्पानं, तो हातात घातला. म्हणली, वहिनी, हा हाताचा हाय. चारी बोटं एका खोलीत आन् अंगठ्याला वेगळी खोली, तीबी आजून बांधायची. आम्ही दोघी हसून हसून लोळलो. सासूबाई म्हणल्या, पोरीचं लग्न ठरून राह्यलंय आन् ह्या दात काढून राह्यल्या.

तर पुष्पाचं हसनाबादला ठरलं. सुपारी फुटली, कुंकवाचं लुगडं आलं. पोरगा कडूबा, शेतीत हुशार, बोलायला कमी. बाप रखमाजी तीन-चार वर्षं झाली काशीला गेले ते तिकडंच मठात राह्यले म्हणतात. घर पोराची आई झुंबरबाई एकटीच चालवती. लई करारी बाई हाय, पण पुष्पाच्या गालावर हात फिरवला तवा तिचे डोळे भरले होते. आक्का, तुला ठावंच हाय, पुष्पाच्या दोन सोयरिका बोलण्यातच मोडल्या. दुसऱ्या वेळी तर मांडवाचे बांबू आले होते. आता ही मोडली तर पोर घरातच म्हातारी होईल असं सासूबाई उठता बसता म्हणतात. पुष्पा काही म्हणत न्हाई, पण ते लुगडं दिवसातून कितीदा तरी घडी मोडून परत घालती.

मामंजींचा गुऱ्हाळावर भाजलेला हात बराय. फडकं मात्र बांधूनच ठेवतात, कातडं ओढल्यासारखं झालंय ते लोकांनी बघू नये म्हणून.

फूल बाकी झकास उतरलं. नार्वेचं कसलं, हे तर आपलं रांगोळीतलं अष्टदल हाय.

तुझी,
सोनू


तीर्थपुरी,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

आक्का,

पुष्पाची सोयरीक मोडली. घाईनं लिहून राह्यले, अक्षर लागलं तर बघ.

परवा हसनाबादचे आल्ते, लग्नाची तारीख धरायला. झुंबरबाई, तिचा दीर आन् मधला पाव्हणा. पुरणाचा घाट होता. गडीमाणसं ओट्यावर, बाया आत. सासूबाई तव्यापाशी, म्हणून झुंबरबाईजवळ मला बसवलं. मला रिकामं बसवत न्हाई, तू वळखती. दुसरा मोजा विणत बसले. पहिला पुरा झालेला मांडीवर पडला होता, शेंडा मिटलेला, अंगठा न्हाई, नुसती काळीपांढरी पिशवी.

तिनं तो उचलला. आत हात घातला आन् विस्तव लागल्यावाणी काढून घेतला. म्हणली, हे काय हाय. मी म्हणलं हाताचा मोजा. बोटं कुठं हायेत. मी म्हणलं ह्याला बोटं लागत न्हाईत. आन् अंगठा. मी म्हणलं अंगठाबी न्हाई. कुणासाठी हाय, म्हणली. आता व्याह्याच्या घरची बाई, थोडी चेष्टा करावी म्हणून मी हसत म्हणलं, ज्याला लागंल त्याच्यासाठी. तुमच्या मालकांना काशीत थंडी वाजत आसंल, न्या की एक जोड.

आक्का, बाई पांढरीफटक पडली. ताट वाढलेलं होतं, त्याला शिवली न्हाई. दिराला हाक मारून गाडी जुंपायला लावली. सासूबाई हात धरायला गेल्या तर त्यांचा हात झटकला. आम्ही सगळे दारात उभे, कुणाला काही उमजंना. पुष्पा नवं लुगडं नेसून आतल्या दारात उभी होती, तिच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

आज मधला पाव्हणा आला. निरोप एवढाच, ही सोयरीक आमच्याच्यानं होत न्हाई, लुगडं पोरीला राहू द्या. कारण विचारलं तर जमिनीकडं बघत बसला.

कारण गावानंच काढलं. म्हणे आमच्या घरात, रामराव पाटलाच्या घरात, महारोग हाय. सून बोटं झडलेल्या हाताच्या पिशव्या विणती, म्हणून पाव्हणे वाढल्या ताटावरून उठले. मामंजींच्या हाताला फडकं, ते सगळ्यांनी बघितलेलं. मंग काय, दोन आन् दोन चार केले. विहिरीवर मी दोराला हात लावला तर शेजारीण तिचा हंडा उचलून रिकामाच घेऊन गेली. जिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस बसले तीच बाई.

सासूबाई म्हणल्या, तुझ्या बहिणीनं धाडलेलं पाप उचल आन् माहेराला चालती हो. मालक बैल घेऊन शेतावर निघून गेले. पुष्पा रडत न्हाई, तेच मला बघवत न्हाई. कसलं काम धाडलंस गं आक्का.

सोनू


जालना,
मार्गशीर्ष वद्य द्वादशी

सोनू,

पत्र वाचलं आन् चुलीवरचं दूध उतू गेलं ते मला घरभर वास सुटल्यावर कळलं. महारोग. आपल्या रामराव मामांच्या घरात. ज्या माणसानं उकळत्या काहिलीतून दुसऱ्याचं लेकरू ओढलं आन् हात भाजून घेतला, त्याच्या हाताला गाव असं म्हणतं. मला दोन दिवस अन्न गोड लागलं न्हाई.

तरी एक सांगते. दवाखान्याच्या मागच्या अंगणात महारोग्यांची ओळ बसती. त्यांच्या हाताला इंगाबाई कापडाच्या पिशव्या बांधती, जखमंला माती लागू नये म्हणून. बिनअंगठ्याचा मोजा तसाच दिसतो, हे खरं हाय. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. पण हसनाबादच्या त्या बाईला ते इतक्या जल्दी कसं कळलं, मला कोडंच पडलंय.

आता रडत बसू नको. संक्रांतीपर्यंत थांबायला वेळ न्हाई, अंगठा आजच कर. अंगठा आला की मोजा मोज्यासारखा दिसतो, पिशवी राहत न्हाई. लाल दोऱ्याचं टोक सुईनं उचल आन् एकेक टाक्यातून हळू ओढ. काळजात धस्स होईल, सगळं उसवतंय असं वाटंल, पण टाके जागच्या जागी तोंड वासून उभे राहतात. खालचे एका सुईवर घे, वरचे दुसरीवर. दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं, तिथं एकेक टाका वाढव. मंग गोल विणत जा, तळव्याचेच ठिपके धरून, म्हणजे अंगठा तळव्यावर टेकला की वेगळा दिसत न्हाई. उजव्या हाताची जागा आन् डाव्याची वेगवेगळी असती, तेवढं बघ. दोन्ही उजवे केलेस तर नार्वेचा माणूसबी तुला शिव्या देईल.

तो जोड घेऊन कुणीतरी थेट हसनाबादला जा आन् त्या बाईच्या पुढं ठेव. आन् तुझ्या सासूला म्हणावं, सोनू माहेराला आली तर तिला माघारी आणायला मी जालन्याहून येईन, आन् मी आले की गाव गोळा होतं.

दुर्गा


तीर्थपुरी,
पौष शुद्ध अष्टमी

आक्का,

अंगठा झाला. लाल दोरा ओढताना सगळं घर भोवती उभं होतं, जशी काही गाय विऊन राह्यली. तोंड उघडलं तवा सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. एक टाका पडला न्हाई. अंगठा विणून हातात घातला आन् हलवून दाखवला, तर सासूबाई किती तरी दिवसांनी माझ्याशी बोलल्या. म्हणल्या, आधीच केला असता तर काय झालं असतं.

मामंजी म्हणले, दे इकडं, मी जातो. आन् जाताना त्यांनी हाताचं फडकं काढून खुंटीला लावलं. इतक्या दिवसांत आम्ही घरच्यांनीसुद्धा तो हात नीट बघितला नव्हता. तसेच उघड्या हातानं गावातून चालत गेले, लोक बघत राह्यले.

हसनाबादला झुंबरबाई ओट्यावर आली. मामंजींनी हात पुढं केला. भाजलेला हाय बाई, पाची बोटं हायेत, बघून घ्या. मंग मोजा घालून अंगठा हलवून दाखवला. लई थंड मुलखातल्या लोकांचा हाय म्हणले, आमच्या घरात काही न्हाई. तर आक्का, बाईनं हाताकडं बघितलंच न्हाई. मोज्याकडंच बघत राह्यली. म्हणली, तुम्हाला कुणी सांगितलं. मामंजी म्हणले, काय सांगितलं. तिनं पदर आवळून घेतला. मंग म्हणली, हे विणायला शिकवलं कुणी. मामंजी म्हणले, जालन्याच्या दवाखान्यातल्या गोऱ्या बाईनं. बाई आत गेली ती परत आलीच न्हाई.

मामंजींनी घरी येऊन एवढं सांगितलं आन् तवापासून शेतावरच जाऊन बसतात. एवढा मोठा माणूस, पोरीसाठी हात पसरून आला आन् दार लागलं. आता पुष्पाचं काही खरं न्हाई आक्का. ती माझ्याजवळ बसून अंगठा शिकली. म्हणली, वहिनी, लाल दोरा काढल्याशिवाय आत काय हाय ते कळत न्हाई, माझ्यात काय खोट हाय ते मला कोण काढून दाखवणार.

सोनू


जालना,
माघ शुद्ध दशमी

सोनू,

हे पत्र एकटी बसून वाच.

पाच दिवसांमागं दुपारी दारात एक बाई उभी. पदर पार नाकापर्यंत. म्हणली, इंगाबाईनं पाठवलं, तुम्ही मोजे विणता म्हणे. मी म्हणलं बसा. पाणी दिलं. म्हणली, एक जोड पायजे, गडीमाणसाच्या हाताचा. मी मापाला दोरी काढली आन् विचारलं, बोटं किती लांब हायेत. तर म्हणली, बोटांचं माप न्हाई. डाव्याला अंगठा असू द्या. उजव्याला नको.

माझ्या हातातली दोरी खाली पडली. विचारलं, उजव्याला का नको. ती म्हणली, न्हाई म्हणून.

मी दोरी उचलली. मंग विचारलं, असला मोजा तुम्ही बघितला कुठं. म्हणली, तीर्थपुरीला सोयरिकीला गेल्ते. तिथल्या सुनेनं मुद्दाम पुढ्यात ठेवला. तिला सगळं ठावं होतं. काशीत थंडी वाजत आसंल म्हणून माझ्या तोंडावर हसली.

सोनू, ती झुंबरबाई होती. मी म्हणलं, ती सून माझी पाठची बहीण हाय, आन् तिला काडीचंही काही ठावं नव्हतं. बाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आन् मंग सगळं सांगत गेली. मी तिच्यासाठी शिव्या पाठ करून ठेवल्या होत्या, महिनाभर कांडता दळता घोकत होते. एकही तोंडातून निघाली न्हाई.

रखमाजी काशीला गेलेलेच न्हाईत. हसनाबादच्या मळ्यात, पार शेवटच्या बांधाला खोप हाय, त्यात राहतात. बोटांना मुंग्या आल्या, मंग चटका लागलेला कळंना, मंग बोटं गेली. गावाला कळलं तर पोराला कुणी पोरगी देणार न्हाई, म्हणून काशीची हूल उठवली. ती अंधार पडला की भाकरी घेऊन जाती. जखमंला लावायला म्हणून इंगाबाईकडनं मलम नेती, तेही दुसऱ्याच गावाचं नाव सांगून. कळलं का तुला. तिला तुमच्या घरात रोग दिसला न्हाई. तिच्या घरातला तुम्हाला दिसला असं तिला वाटलं. तुम्ही बोभाटा करायच्या आत तिनं सोयरीक मोडली.

मी तिला हाताला धरून इंगाबाईकडं नेलं. बाई आधी खोट्या गावाबद्दल खवळली, मंग दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं स्वतः मळ्यात जाऊन आली. म्हणली, आमच्या नार्वेतबी हा रोग लई होता, आमच्याच एका डॉक्टरानं त्याचा जंतू शोधला, मला भीती घालू नका. रखमाजीचा रोग जुना होऊन विझलाय, जखमा तेवढ्या राह्यल्यात. झुंबरबाईच्या आन् कडूबाच्या अंगावर एक डाग न्हाई, तिनं दिव्याच्या उजेडात तपासलं.

झुंबरबाईनं हात जोडले की कुणाला सांगू नका. मी वचन दिलं न्हाई. तुझ्या घराचं नाव खराब झालंय, पुष्पाचा जीव टांगणीला हाय. पण गावभर करायचं का, ते मला ठरवता येईना. तूच ठरव.

दुर्गा


तीर्थपुरी,
फाल्गुन शुद्ध द्वितीया

आक्का,

पत्र वाचलं, हरभरा तसाच पडला. मी काय बोलून गेले त्या बाईला. काशीत थंडी वाजत आसंल. झोपेतसुद्धा तेच कानात वाजतं.

पहिल्यांदा पुष्पाला सांगितलं, शेतात. ती ढेकळावर बसली. मंग म्हणली, म्हणजे माझ्यात काही खोट न्हाई. आन् मंग इतकी रडली की मला धरता येईना.

घरी सांगितलं तवा गहजब झाला. सासूबाई कंबर बांधून उभ्या राह्यल्या. आम्हाला रोगी ठरवून स्वतः साळसूद, आत्ता चावडीवर जाऊन सांगते म्हणल्या. मालकही तेच म्हणले. तर पुष्पा, जी कधी मोठ्यांपुढं बोलत न्हाई, ती म्हणली, आई, आपल्याला गाव म्हणतंय ते खोटं हाय, त्यांना म्हणंल ते खरं आसंल, पण विहिरीवरचा दोर दोन्हीकडं सारखाच सोडतील. तुला बरं वाटलं का विहिरीवर. सासूबाईंचा पदर हातातच राह्यला.

मंग ती म्हणली, मी करीन तिथं लग्न, त्यांनी मागितलं तर. पण काशीतला सासरा मला नको. मळ्यातला पायजे, आन् मांडवात पायजे. सगळ्यांच्या पुढं. लपवलेल्या घरात मी जाणार न्हाई.

सासूबाई म्हणल्या, हिला वारं लागलं. मामंजी उठले, तिच्या डोक्यावर तो भाजलेला हात ठेवला आन् बाहेर गेले.

झुंबरबाईनं मागितलेला मोज्याचा जोड तिनंच विणला, मला हात लावू दिला न्हाई. सवयीनं दोन्हींत लाल दोरा घातला. डाव्याचा ओढून अंगठा केला, माझ्यापेक्षा सुबक. उजव्याचा मी ओढायला गेले तर माझा हात धरला. ओढला तर भोक पडंल म्हणली. तर उजव्यावर लाल रेघ तशीच हाय.

जोड पाठवून राह्यले. तूच झुंबरबाईला दे आन् पुष्पाची अट सांग. हो म्हणली तर तारीख धरू. न्हाई म्हणली तर जोड त्यांना राहू द्या, असं पुष्पानं सांगितलंय.

सोनू


जालना,
चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६८

सोनू,

आज पाडवा, खोटं बोलत न्हाई. जोड दिला, अट सांगितली. झुंबरबाईनं उजव्याची लाल रेघ बोटानं चाचपली. विचारलं, हे कुणी विणलं. मी म्हणलं, पुष्पानं. मोजे पदराखाली घेतले आन् उठून गेली. त्याला आठवडा होऊन गेला, निरोप न्हाई. मांडवात आणणं म्हणजे साधी गोष्ट न्हाई, सगळं गोत तोडंल. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत न्हाई. पुष्पाला आशा लावू नको.

दुर्गा


तीर्थपुरी,
वैशाख शुद्ध त्रयोदशी

आक्का,

तू आली न्हाईस म्हणून रागावणार होते, पण इंगाबाईची गाडी नेमकी लग्नाच्याच दिवशी, आन् तिला ठेसनावर तुझ्याशिवाय कोण होतं. मोजे सगळे मावले का पेटीत. तुला सगळं सांगते, मालक म्हणतात माझं लिहून सरायचं न्हाई.

तुला ठावं हाय तेवढंच आम्हालाबी ठावं होतं, झुंबरबाईचा निरोप, तारीख धरा. अटीबद्दल हो बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई. पुष्पाला हळद लागली तरी तिला ठावं नव्हतं की सासरा येणार का न्हाई. मी विचारलं, न्हाई आले तर. म्हणली, तर बोहल्यावर चढणार न्हाई.

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. नवरदेव उतरला, चुलते उतरले. शेवटची गाडी लांब थांबली. कडूबा घोड्याकडं जायचा सोडून माघारी गेला, गाडीतून बापाला हाताला धरून उतरवलं. आक्का, वैशाखाचं ऊन, डोक्यावर लाल पागोटं आन् दोन्ही हातांत लोकरीचे काळेपांढरे मोजे. शेजारी झुंबरबाई, पदर डोक्यावर, नाकावर न्हाई. सनई वाजता वाजता थांबली. सगळ्यांना कळलं, कुणी सांगायची गरज पडली न्हाई.

मंग लोक उठायला लागले. हसनाबादचे पुष्कळ उठले, आपलेबी उठले. विहिरीवरची ती शेजारीण पहिली. कुणी पुढं होईना. आन् पुढं कोण झालं सांगू, सासूबाई. त्याच चावडीवर जाणाऱ्या सासूबाई. त्यांनी पाट आणला आन् बोहल्याच्या जवळ मांडला, म्हणल्या, बसा व्याहीबुवा, उन्हातून आलात. मामंजी उघड्या हातानं त्यांच्याशेजारी जाऊन बसले. वाजंत्र्यांना म्हणले, पैसे न वाजवण्याचे घेतले का. मंग सनई लागली.

पुष्पा बोहल्यावर आली. तिनं एकदा तिकडं बघितलं आन् मान खाली घातली. हसली का रडली ते मुंडावळ्यांत दिसलं न्हाई.

अक्षता वाटत मीच फिरत होते. रखमाजीबुवांच्या पुढं आले आन् थबकले, कुठं टाकाव्या ते कळंना. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, त्याच्यावरची लाल रेघ वर होती. डावा पुढं केला. मी मूठभर टाकल्या. तर त्यांनी अंगठा वळवला आन् तळव्यावर दाबून धरला, अगदी घट्ट, लोकरीवर लोकर. झुंबरबाई म्हणली, मी टाकते तुमच्या बदली. त्यांनी मान हलवली.

सावधान झालं. सगळ्यांनी टाकल्या, जे होते त्यांनी. त्यांनी सगळ्यात शेवटी अंगठा उघडला. पुष्पाच्या डोक्यावर पडल्या. थोडे दाणे मोज्याच्या लोकरीत अडकून राह्यले, ते त्यांनी झटकले न्हाईत. जेवायला बसले तवा झुंबरबाईनं त्यांना भरवलं, तरी तो दाण्यांचा हात त्यांनी तसाच वर धरून ठेवला होता.

तुझी,
सोनू